वहिनींचं औषध आणि माझ्या पेशी

वहिनींच्या छातीत गाठ निघाली त्या सुमाराला मी प्रयोगशाळेत औषधाला दाद न देणाऱ्या कर्करोगाच्या पेशी तयार करत होते. मुद्दाम. माझ्या पीएचडीचा विषयच तो होता.

काम कंटाळवाणं होतं. प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांच्या तळाला पेशी चिकटून वाढायच्या, वर गुलाबी पाणी, तेच त्यांचं खाणं. त्या पाण्यात औषध घालायचं, अगदी थोडं. बहुतेक पेशी मरून वर तरंगायच्या, कुठेतरी दोनचार तळाला धरून राहायच्या. मेलेल्या धुऊन टाकायच्या, जिवंत राहिलेल्यांना ताजं खाणं द्यायचं आणि बाटली पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. भरली की औषध थोडं वाढवायचं. परत मरण, परत धुणं, परत थांबणं. यात वर्ष सहज जातं. रविवारी, दसऱ्याला, घरात लग्न असलं तरी पेशींना खाऊ घालायला जावं लागतं. वीज गेली की उबेचं कपाट थंड पडेल म्हणून जीव टांगणीला. माझ्याबरोबरच्या दोघी कंटाळून सोडून गेल्या आणि अमीरपेटेत कॉम्प्युटरचा कोर्स करायला लागल्या. त्या दिवसांत सगळं हैदराबादच कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं. मी राहिले. चिकाटी वगैरे काही नव्हती, दुसरं काही सुचलं नाही म्हणून राहिले.

आमचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावावर टाकून कारकुनीला हैदराबादेत आले. आम्ही हिमायतनगरात एका फ्लॅटमध्ये राहायचो. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा केमिस्ट. कुकटपल्लीच्या पलीकडे औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यात होता. परदेशी माल येऊ लागला, आपला बाहेर जाऊ लागला, आणि त्याच्या कारखान्यात रोज नवी मशिनं लागायला लागली. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि संध्याकाळी अंगाला कसल्यातरी द्रावकाचा वास घेऊन यायचा.

वहिनी पुण्याच्या. जामबागेकडच्या एका जुन्या शाळेत मराठी शिकवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमचं मराठी ऐकून त्यांना हसू आवरायचं नाही. आई म्हणायची, "जरा ठहर, मी येऊन जाते," आणि वहिनी म्हणायच्या, "आई, येताय की जाताय, एक काहीतरी ठरवा." पुढे त्यांच्याच तोंडात 'हौ' आणि 'नक्को' बसलं. पुण्याला गेल्या की माहेरचे लोक त्यांना हसायचे. शाळेतले मराठीचे वर्ग दर वर्षी लहान होत होते, कारण मराठी घरांतलीही मुलं इंग्रजी शाळांत जात होती. तरी त्या नेमाने इस्त्रीची साडी नेसून जायच्या. दादा-वहिनींना मूल नव्हतं. त्यावर घरात पुष्कळ बोलून झालं होतं आणि मग सगळेच दमून गप्प झाले होते.

गाठ त्यांच्या हाताला लागली ती अंघोळ करताना. पण शाळेच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून त्या सुट्टी लागेपर्यंत कुणाला बोलल्या नाहीत. सुट्टी लागल्यावर मला बाथरूमच्या दारात बोलावलं आणि म्हणाल्या, "तू हात लावून बघ गं. तुला कळेल." मी बाटलीतल्या पेशी बघणारी, मला काय कळणार? पण हात लावला आणि कळलं. कच्च्या कैरीएवढं, तेवढंच टणक.

डॉक्टरीणबाई म्हातारपणाकडे झुकलेल्या, हैदराबादच्याच. पेशंटशी तेलुगूत बोलायच्या, आमच्याशी दख्खनी हिंदीत. म्हणाल्या, गाठ मोठी आहे, आधी औषध देऊन लहान करू, मग ऑपरेशन. औषधांची नावं लिहून दिली. त्यातलं एक वाचून मी कागद दादाकडे दिला. ते माझंच औषध होतं. मी ज्याच्या विरोधात पेशी तयार करत होते तेच.

पहिल्यांदा औषध चढवलं तेव्हा मी वहिनींजवळ बसले होते. सलाईनच्या नळीतून लाल पाणी उतरत होतं.

"कोकम सरबतच की गं हे," वहिनी म्हणाल्या.

नर्सने बजावलं, लघवीला लाल होईल, घाबरू नका. वहिनी घाबरल्या नाहीत. उलट्या झाल्या, केस गेले, तोंड आलं, जेवणाची चव गेली. आई रोज नवं काही करून बघायची. पातळ भात, ताक, चिंच न घातलेलं सार. वहिनी दोन घास खाऊन म्हणायच्या, "छान झालंय," आणि ताट सरकवायच्या. पण गाठ लहान होत होती. प्रत्येक वेळी हात लावून सांगायच्या. कैरीची सुपारी झाली, मग सुपारीही लागेना. दादाने एका रविवारी पेढे आणले. ऑपरेशन झालं, उरलेलं औषध झालं, आणि पुढच्या जूनमध्ये वहिनी डोक्याला रुमाल बांधून शाळेत हजर झाल्या. पोरींनी रुमालाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

त्या मधल्या काळात एकदा त्यांनी माझ्या कामाबद्दल नीट विचारलं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो.

"तुझ्या बाटलीतल्या पेशी येतात कुठून?"

मी सांगितलं, एका परदेशी बाईच्या आहेत. तिलाही छातीचाच होता. ती जाऊन खूप वर्षं झाली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत.

वहिनी गवार मोडायच्या थांबल्या. "म्हणजे बाई गेली आणि तिचा आजार तेवढा सांभाळून ठेवलात?"

"हो."

"काय तरी बाई तुमचं." मग पुन्हा शेंग हातात घेऊन म्हणाल्या, "आणि तू त्यांना औषधाची सवय लावतेस."

मी म्हटलं, सगळे तसंच म्हणतात, पण सवय होत नाही. ज्या मरायच्या त्या मरतात. त्यांच्यात काही थोड्या आधीपासूनच वेगळ्या असतात, काही वाढता वाढता वेगळ्या होतात. कुणाच्या अंगावर एक पंपच असतो. औषध आत आलं की तो बाहेर फेकतो. बाकीच्या मेल्या की जागा मोकळी होते, आणि मग या थोड्यांचीच प्रजा वाढते. बाटली पुन्हा भरलेली दिसते, पण ती पहिली बाटली नसते.

"म्हणजे आमच्या वर्गातल्या पोरींच्या उवांसारखं," वहिनी म्हणाल्या. "औषध लावलं की सगळ्या मरतात, चार उरतात. महिन्याने त्याच औषधाने एक मरत नाही."

इतकं सोपं मला कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. आम्ही हसलो. हसता हसता दोघींच्याही एकदम लक्षात आलं की आपण कशाबद्दल बोलतोय, आणि मग उरलेली गवार भराभर मोडून झाली.

वर्षभर बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गळपट्टीच्या हाडावर बारीक गाठी आल्या, मण्यांसारख्या. तपासण्यांत यकृतावरही डाग दिसले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच लाल औषध सुरू केलं. पहिल्यांदा चांगला गुण आला होता; या औषधाने हृदय दमतं, पण अजून थोडं सोसेल, असं म्हणाल्या. सुरुवातीला मणी दबले. पुढे औषध चालू असतानाच वाढायला लागले. दादा संध्याकाळी घरी आला की वहिनींच्या मानेकडे बघायचा नाही. टीव्हीकडे बघायचा. केबल नुकतीच घेतली होती, ढीगभर चॅनेलं होती. तो नुसता बदलत बसायचा.

एव्हाना माझ्या पेशी तयार झाल्या होत्या. पहिल्या पेशी ज्या मात्रेने धडाधड मेल्या होत्या त्या मात्रेत या आता आरामात वाढत होत्या. ते लाल औषध विशिष्ट प्रकाशात चमकतं. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या पेशींची केंद्रकं लाल निखाऱ्यासारखी पेटलेली दिसायची, आणि माझ्या तयार पेशींची काळी. औषध आत टिकतच नव्हतं. माझे गाइड प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते. मला म्हणाले, "ब्यूटिफुल." मीही बघितलं. दिसायला सुंदर होतं, हे खोटं नाही. मग बस पकडून घरी आले आणि वहिनींना पाठ चोळून दिली, कारण त्यांना आता पाठ दुखायला लागली होती.

पुढचा प्रयोग असा होता की पेशींचा पंप बंद पाडणारं दुसरं औषध बरोबर द्यायचं. ते औषध नवं नव्हतंच. रक्तदाबाची साधी गोळी. आमची आई रोज सकाळी चहानंतर घ्यायची तीच. बाटलीत ते घातलं आणि काळी केंद्रकं पुन्हा पेटली. पेशी मरायला लागल्या.

मी घरी हे बोलले नव्हते. पण माझ्या अहवालाचा मसुदा टेबलावर होता आणि दादा केमिस्ट. त्याने तो वाचला. सकाळी मी चहा घेत होते, तेव्हा तो आईच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन समोर उभा राहिला.

"हीच ना?"

मी म्हटलं, "दादा, हीच. पण तसं नाही होत."

"का नाही होत? तूच लिहिलंयस, पेशी मरतात."

"बाटलीत जेवढी घातली तेवढी माणसाला देता येत नाही."

"आमच्याकडे पिंपांनी बनतं हे. हवं तेवढं आणतो."

आई ओट्याशी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "माझ्या गोळ्या देऊन टाका तिला. माझं काय, माझं झालं जगून." मग रडायला लागली. वहिनी आतल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं.

त्या दुपारी दादा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्याने पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. दुसऱ्या देशांत मोठमोठ्या डॉक्टरांनी हे करून पाहिलंय, असं त्यांनी सांगितलं. पंप थांबवायला लागते तेवढी मात्रा दिली की रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आणि वहिनींचं हृदय आधीच लाल औषधाने दमलेलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अम्मा, तुमारी बोतल में दिल नई होता."

दादाने पट्टी उचलून खिशात ठेवली. परतताना स्कूटर त्याने नारायणगुड्याच्या पुढे एका कडेला थांबवली आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. मागे बसून मला त्याची मान दिसत होती, उन्हाने रापलेली, शर्टाच्या कॉलरपाशी घाम. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्याने किक मारली.

मग डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाचं सांगितलं. कुठल्याशा झाडाच्या सालीपासून निघालेलं, आपल्याकडे नुकतंच यायला लागलेलं. पूर्वी असली औषधं कुणी परदेशातून पिशवीत घालून आणली तरच मिळायची. आता मागवता येत होती. घरात पुन्हा जान आली. दादा त्या औषधाबद्दल मिळेल ते वाचायला लागला. आईने शेजारणीला सांगितलं, अमेरिकेतलं औषध आहे, नवीन आहे, ते या आजाराने कधी बघितलेलंच नाही.

मला मात्र माहीत होतं. आदल्याच आठवड्यात तेच औषध मी माझ्या पेशींना देऊन पाहिलं होतं. त्यांनी ते जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि तरी त्या मेल्या नाहीत. पंप एकाच औषधाला ओळखत नाही. दिसायला अगदी वेगळी अशी कितीतरी औषधं तो त्याच दाराने बाहेर काढतो. त्या नुसत्या लाल औषधावर वाढल्या होत्या आणि कधी न भेटलेल्या औषधालाही तयार होऊन बसल्या होत्या.

घरातल्या उत्साहात मी गप्प होते. वहिनींच्या ते लक्षात आलं. वर्गात कोण गप्प आहे हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुपारी आई पडली असताना त्यांनी मला पलंगावर बसवून घेतलं.

"खरं सांग. तुझ्या पेशी या नव्या औषधाने मेल्या का?"

मी म्हटलं, "नाही."

"एकही?"

"थोड्या मेल्या. पुष्कळशा नाही."

त्यांनी उशी पाठीमागे सरकवली. मग म्हणाल्या, "बरं. तरी घेते."

"वहिनी, तुमच्या पेशी माझ्या बाटलीतल्यासारख्याच असतील असं नाही. तुमच्याकडे वेगळं काही असेल. खरंच नाही सांगता येत."

"अगं, मी तुला कुठे काय म्हणतेय? तुला विचारलं, तू सांगितलंस. या घरात मला खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांना मी छान झालंय, छान झालंय म्हणून म्हणून दमले."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना दमले म्हणताना ऐकलं.

मी डॉक्टरीणबाईंनाही जाऊन माझ्या प्रयोगाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, शक्यता आहे, पण काही पेशंटना तरीही गुण येतो, आणि कुणाला येईल हे आधी कळायची सोय आज माझ्याजवळ नाही. आणि वहिनींना गुण आला. मला धक्का बसला, खोटं कशाला बोलू. मणी बसले, पाठ दुखायची थांबली, त्या स्वतःच्या हाताने भाकरी थापायला लागल्या. दादा माझ्याकडे असं बघायचा की जणू हरलेल्या बाजूची मीच होते. मला हरायचंच होतं. त्या काही महिन्यांत त्यांनी शाळेत जाऊन दहावीच्या पोरींचं पुस्तक पुरं केलं. खुर्चीत बसून शिकवलं. त्यानंतर शाळेने मराठीचा नवा वर्ग घेतलाच नाही.

मग औषध थांबलं, म्हणजे चालू होतं पण त्याचा गुण थांबला. पायांच्या नसा बधिर झाल्या, चप्पल पायातून गेलेली कळायची नाही, आणि पोट फुगायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक नाव काढलं. दादा म्हणाला, घेऊ. आई म्हणाली, घेऊ. वहिनी म्हणाल्या, "नक्को आता." 'नक्को' म्हणताना स्वतःच हसल्या. "बघा, पुणं गेलं माझ्यातून."

दादा ऐकेना. तो म्हणाला, "तू हार मानतेस."

"मी कशाला हार मानू? मला मळमळ नकोय एवढंच. मला चहा प्यावासा वाटतोय, तो चवीचा लागू दे." मग त्याचा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही पण जरा झोपा हो. किती दिवस झाले."

तो त्यांच्या शेजारी आडवा झाला आणि खरंच झोपला, भर दुपारी, बूट न काढता. मी दार ओढून घेतलं.

वहिनी घरीच गेल्या, दिवाळीनंतर, सकाळी. आईने दूध गरम करायला ठेवलं होतं. त्यांचा श्वास लांबलेला होता आणि मग थांबला. दादाने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. केस नुकते परत आले होते, मऊ, लहान मुलासारखे.

पेशी मात्र वाढत होत्या. तेराव्यानंतर मी प्रयोगशाळेत गेले तर कुणीतरी त्यांना खाऊ घालून ठेवलं होतं. मी एक बाटली उजेडासमोर धरली. तळाला दाट, निरोगी थर. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. त्यांचा काय दोष, त्या जगत होत्या. मी पाणी बदललं, झाकण लावलं, आत ठेवली.

प्रबंध पूर्ण व्हायला आणखी बराच काळ गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही जे बाटलीत पाहिलं, ते प्रत्यक्ष रुग्णात किती खरं आहे?" माझे गाइड खाली बघायला लागले. त्यांना वहिनींचं माहीत होतं.

मी म्हटलं, "काही बाबतींत खरं आहे. काही बाबतींत नाही. पंप हे एकच कारण नसतं. पेशी दुसऱ्या वाटाही काढतात, औषधाने झालेली मोडतोड दुरुस्त करून घेतात, किंवा मरायचा निरोपच ऐकत नाहीत. कुठल्या माणसात कुठली वाट, हे आपल्याला अजून आधी सांगता येत नाही."

"येईल?"

"येईल असं वाटतं. वेळ लागेल."

त्यांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या, समोसे आले. मी घरी पोचले तेव्हा दुपार टळत होती. आईने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." तिने ताट वाढलं, आंबाड्याची भाजी आणि भाकरी. जेवून मी पडले ती दिवेलागणीला दादा आला तेव्हा उठले. त्याने बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या, आणि आम्ही खालची रहदारी बघत बसलो.